विद्युत् व चुंबकत्व : मूलतत्त्वे

विद्युत् भारांमधील परस्परक्रिया, भारांच्या गतीमुळे घडून येणारे परिणाम आणि त्यांच्याशी निगडित असलेले चुंबकीय आविष्कार यांचा अभ्यास भौतिकीच्या ज्या शाखेत केला जातो, तिला विद्युत् चुंबकत्व असे म्हणतात. या शाखेचा पाया तीन विधानांत सांगता येतो. स्थिर विद्युत् भाराभोवती विद्युत् क्षेत्र असते. भार गतिमान झाला म्हणजे त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्रही निर्माण होते. आणि चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर त्यामुळे विद्युत् क्षेत्र निर्माण होते. विजेची मोठ्या प्रमाणावरील निर्मिती, तिचे दूरवर प्रेषण आणि तिच्यापासून यांत्रिक कार्य करून घेणे या तिन्ही गोष्टी याच विधानांवर आधारलेल्या आहेत. प्रस्तुत नोंदीत ही तत्त्वे बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक वीजकेंद्र आणि त्याच जिल्ह्यातील शेतीचे पंप यांच्या आधारे विशद केली आहेत.

इतिहास : घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढून घेतो आणि लोहचुंबकाचा दगड लोखंडास आकर्षितो, या दोन गोष्टी प्राचीन काळापासून ज्ञात होत्या, परंतु त्यांचा परस्परसंबंध ज्ञात नव्हता. विल्यम गिल्बर्ट (१५४४–१६०३) यांनी १६०० मध्ये पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे, असे प्रतिपादन केले. शार्ल कूलंब (१७३६–१८०६) यांनी १७८५ मध्ये दोन भारांमधील प्रेरणा त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे मोजमापाने दाखवून दिले. आलेस्सांद्रो व्होल्टा (१७४५–१८२७) यांनी १८०० मध्ये विद्युत् घटमाला तयार केली आणि अखंड प्रवाह प्रथमच प्रयोगासाठी उपलब्ध झाला. प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळील चुंबकसूची विचलित होते, हा शोध हान्स क्रिस्त्यान एर्स्टेड (१७७७–१८५१) यांनी १८२० मध्ये लावला. विद्युत् आणि चुंबकत्व यांना जोडणारा हा पहिला दुवा होय. मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी १८३१ मध्ये याच्या उलट क्रिया, म्हणजे चुंबकत्वापासून विद्युत् प्रवाह मिळविणे, साध्य केली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–७९) यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात या सर्व नियमांना एकत्रित गणितीय रूप दिले व प्रकाश हा विद्युत् चुंबकीय तरंग असल्याचे दाखविले.

विद्युत् भार, प्रवाह व रोध : द्रव्याच्या अणूमध्ये धन भाराचे अणुकेंद्र व ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात. सजातीय भारांमध्ये प्रतिसारण व विजातीय भारांमध्ये आकर्षण होते. मॉन्सूनपूर्व काळात मराठवाड्यात गडगडाटी वादळे होतात, तेव्हा ढगांच्या तळाशी सामान्यतः ऋण भार साचतो आणि त्याच्या प्रभावाने खालच्या जमिनीवर धन भार प्रवर्तित होतो. मधल्या हवेची निरोधक क्षमता संपली म्हणजे हा भार एकाएकी वाहून जातो. यालाच वीज पडणे असे म्हणतात.

भार वाहण्याच्या त्वरेला विद्युत् प्रवाह म्हणतात व तो अँपिअर या एककात मोजतात. एक अँपिअर प्रवाह वाहत असताना तारेच्या छेदातून दर सेकंदास सु. ६२४ कोटी गुणिले १०० कोटी इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. २०१९ पासून अँपिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनाच्या भाराचे मूल्य निश्चित धरूनच केली जाते. प्रत्येक इलेक्ट्रॉनाची पुढे सरकण्याची सरासरी गती मात्र फार अल्प, सेकंदास मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन वीजकेंद्रातून धावत आल्यामुळे नव्हे, तर तारेलगतचे विद्युत् क्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने प्रस्थापित होत असल्यामुळे.

ज्या कारणाने प्रवाह वाहतो, त्याला विद्युत् दाब म्हणतात. त्याचे एकक व्होल्ट होय. संवाहकाने प्रवाहाला केलेला विरोध म्हणजे विद्युत् रोध. तो ओहम या एककात मोजतात. गेओर्ख ओहम (१७८९–१८५४) यांच्या नियमानुसार दाब हा प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतका असतो. रोधामुळे तारेत उष्णता निर्माण होते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की, उष्णता चौपट होते. या एका नियमात वीजपुरवठ्यातील कित्येक अडचणींचे मूळ आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

चुंबकीय क्षेत्र : चुंबकाचे दोन ध्रुव एकमेकांपासून अलग करता येत नाहीत. चुंबकाचे कितीही तुकडे केले, तरी प्रत्येक तुकड्यास उत्तर व दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात. याचे कारण असे की, चुंबकत्वाचे मूळ इलेक्ट्रॉनांची परिवलन व कक्षीय गती यांत असते. लोखंडात शेजारशेजारच्या अणूंची चुंबकीय परिबले एकाच दिशेत राहतात, त्यामुळे त्याचे चुंबकत्व प्रबळ असते. तापमान ७७०° से.च्या वर गेले म्हणजे ही मांडणी मोडते आणि लोखंडाचे हे प्रबळ चुंबकत्व लोप पावते.

बीड जिल्ह्यातील बालाघाटचे डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहेत, त्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट गटातील चुंबकीय खनिजांचे कण असतात. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत असताना त्या कणांनी तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धारण केली. दख्खनच्या बेसाल्टवर १९५० च्या दशकापासून झालेल्या मापनांवरून दोन गोष्टी आढळून आल्या. तो लाव्हा बाहेर पडला तेव्हा भारतीय उपखंड दक्षिण गोलार्धात होता आणि त्याच्या अनेक थरांतील चुंबकत्वाची दिशा आजच्या उलट आहे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव भूतकाळात आलटूनपालटून बदलले आहेत, याचा हा पुरावा होय.

प्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, याचे एक उल्लेखनीय उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात आढळते. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे घेतली जात होती. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाचे क्षेत्र नाजूक उपकरणांच्या वाचनात मिसळेल हे स्पष्ट झाले. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात येऊन १९०४ मध्ये तेथील निरीक्षणांस प्रारंभ झाला. सु. दोन वर्षे दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्यानंतर कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविण्यात आले व १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली.

विद्युत् चुंबकीय प्रवर्तन : तारेच्या वेटोळ्यातून पार जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्राला चुंबकीय स्रोत म्हणतात. हा स्रोत बदलत असेल, तरच वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो आणि तो स्रोताच्या बदलाच्या त्वरेइतका असतो. हा फॅराडे यांचा नियम होय. वेटोळ्याजवळ कितीही प्रबळ चुंबक स्थिर ठेवला, तरी प्रवाह मिळत नाही. चुंबक हलविला तरच मिळतो.

प्रवर्तित प्रवाहाची दिशा हाइन्रिख लेंट्स (१८०४–६५) यांनी १८३४ मध्ये मांडलेल्या नियमावरून ठरते. ज्या बदलामुळे प्रवाह निर्माण झाला, त्या बदलास विरोध होईल अशीच त्या प्रवाहाची दिशा असते. त्यामुळे वेटोळ्याचे मंडल पूर्ण असताना चुंबक हलविण्यास बळ लावावे लागते आणि त्या बळाने केलेले कार्यच विजेच्या रूपाने मिळते. हा विरोध नसता, तर कोणतेही कार्य न करता वीज मिळाली असती व ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम खोटा ठरला असता.

परळीचे औष्णिक वीजकेंद्र : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाने परळी वैजनाथ येथे उभारलेल्या या केंद्राचा ३० मेगॅवॉट क्षमतेचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे त्याच क्षमतेच्या दुसऱ्या संचाची भर पडली आणि १९८०, १९८५ व १९८७ मध्ये प्रत्येकी २१० मेगॅवॉटचे तीन संच कार्यान्वित झाले. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर हे केंद्र राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीकडे आले. २००७, २०१० व २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगॅवॉटचे तीन संच उभे राहिले. जुने पाचही संच टप्प्याटप्प्याने सेवेतून काढून टाकण्यात आल्याने केंद्राची क्षमता आता ७५० मेगॅवॉट आहे.

या केंद्रात कोळसा जाळून बाष्पित्रात उच्च दाबाची वाफ तयार करतात. ही वाफ टरबाइनाची पाती फिरविते. टरबाइनाच्याच दंडावर विद्युत् जनित्राचा फिरणारा भाग, म्हणजे रोटर, बसविलेला असतो. रोटरच्या तारांतून एकदिश प्रवाह सोडला की तो प्रबळ विद्युत् चुंबक बनतो. त्याच्या सभोवतालच्या स्थिर भागात तांब्याची वेटोळी असतात. रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास ५० वेळा त्याचे उत्तर व दक्षिण ध्रुव प्रत्येक वेटोळ्यासमोरून जातात. त्यामुळे वेटोळ्यात सेकंदाला ५० आवर्तने असलेला प्रत्यावर्ती दाब निर्माण होतो. भारतातील वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झ ही कंप्रता ती हीच. वेटोळ्यांचे तीन संच एकमेकांपासून १२०° अंतरावर बसविलेले असल्याने त्रिकला, म्हणजे थ्री-फेज, पुरवठा मिळतो.

प्रत्यावर्ती वीज त्या रूपात साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, त्याच क्षणी ती निर्माण करावी लागते. आष्टी किंवा पाटोदा तालुक्यात एखादा पंप सुरू झाला, म्हणजे जाळ्याला जोडलेल्या जनित्रांच्या वेटोळ्यांतील प्रवाह किंचित वाढतो. लेंट्स यांच्या नियमानुसार हा वाढीव प्रवाह रोटरांना तितकाच अधिक विरोध करतो व त्यांची गती कमी होऊ लागते. ती टिकविण्यासाठी टरबाइनात अधिक वाफ सोडावी लागते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यापासून संपूर्ण भारतातील मोठी जनित्रे एकाच कंप्रतेने बांधली गेली आहेत. एका पंपाचा भार सर्वांमध्ये विभागला जात असल्याने तो जाणवत नाही. परंतु लाखो पंप एकाच वेळी सुरू झाले, तर तो भार फार मोठा होतो. शेतीला पाळीपाळीने वीज देण्यामागे हे एक तांत्रिक कारण आहे.

रोहित्र व प्रेषण : एका लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून एकीतून प्रत्यावर्ती प्रवाह सोडल्यास गाभ्यातील चुंबकीय स्रोत सतत बदलतो व दुसऱ्या वेटोळीत दाब प्रवर्तित होतो. दोन्ही वेटोळ्यांतील दाबांचे गुणोत्तर त्यांच्या फेऱ्यांच्या गुणोत्तराइतके असते. या साधनास रोहित्र म्हणतात. खेड्यातील खांबांवर बसविलेले रोहित्र ‘डीपी’ या नावाने सर्वपरिचित आहे. एकदिश प्रवाहाचा स्रोत बदलत नसल्याने रोहित्र त्यावर चालत नाही.

रोहित्राचे महत्त्व पुढील हिशोबावरून ध्यानात येईल. २५० मेगॅवॉट शक्ती घरगुती वापराच्या ४१५ व्होल्ट त्रिकला दाबाने पाठवावयाची झाल्यास प्रत्येक तारेतून सु. ३,४८,००० अँपिअर प्रवाह न्यावा लागेल. दाब २२० किलोव्होल्ट केल्यास तीच शक्ती सु. ६५६ अँपिअर प्रवाहाने जाते. प्रवाह ५३० पटींनी कमी झाल्याने त्याच तारेतील उष्णतारूपी तूट सु. २,८१,००० पटींनी कमी होते. यास्तव केंद्रातच दाब वाढवून वीज दूरवर नेतात आणि वापराच्या ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने उतरवितात. शेवटचे रोहित्र ११,००० व्होल्ट दाबाचे ४३३ व्होल्टमध्ये रूपांतर करते.

विद्युत् चलित्र व दाबातील घट : चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या प्रवाहवाहक तारेवर प्रेरणा कार्य करते. या तत्त्वावर विद्युत् चलित्र म्हणजे मोटर चालते. शेतीच्या पंपाच्या मोटरीत त्रिकला प्रवाहामुळे स्थिर भागात फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते रोटरच्या सळ्यांमध्ये प्रवाह प्रवर्तित करते आणि या प्रवाहावरील प्रेरणेमुळे रोटर क्षेत्रामागोमाग फिरू लागतो.

डीपीपासून दूरच्या शेतात मोटरी वारंवार जळतात, याचे कारण याच तत्त्वांत आहे. डीपी ते पंप या तारेचा रोध एक ओहम आणि तीमधून सर्व पंपांचा मिळून ५० अँपिअर प्रवाह वाहत आहे, असे मानू. तारेतच ५० व्होल्ट दाब खर्ची पडतो. परिणामी शेवटच्या पंपास प्रत्येक कलेत २४० ऐवजी १९० व्होल्ट, म्हणजे त्रिकला मापाने ४१५ ऐवजी सु. ३३० व्होल्ट मिळतात. मोटरीतील चुंबकीय स्रोत दाबाच्या प्रमाणात कमी होतो. पाणी उपसण्याचे काम मात्र तेवढेच असल्याने, स्रोतातील उणीव भरून काढण्यासाठी प्रवाह सु. सव्वापट होतो व वेटोळ्यांतील उष्णता सु. दीडपटीहून अधिक वाढते. मोटरीचे कमाल परिपीडन दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ते ६३ टक्क्यांवर येते. मोटर सुरूच झाली नाही व तशीच अडकून राहिली, तर तिच्यातून नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह वाहतो आणि वेटोळ्यांवरील निरोधक लेप काही मिनिटांत जळतो. एक फेज गेलेला असताना उरलेल्या दोन फेजांवर मोटर चालू राहिल्यासही असेच घडते. वाहिनीवर आकडा टाकून घेतलेली वीजही तारेतील प्रवाह वाढविते. तिचा फटका प्रथम वाहिनीच्या टोकाच्या शेतकऱ्यास बसतो.

यावर तात्त्विक दृष्ट्या खरा उपाय म्हणजे कमी दाबाची तार लहान करणे. महाराष्ट्रात २०१८ पासून राबविण्यात आलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत ११,००० व्होल्टची वाहिनी थेट शेतापर्यंत नेऊन एक वा दोन पंपांसाठी स्वतंत्र लहान रोहित्र बसवितात. त्यामुळे त्या अंतरातील प्रवाह सु. पंचविसाव्या भागावर व तारेतील तूट सहाशेव्या भागाहूनही कमी होते. पंपास योग्य क्षमतेचे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, जोडल्याने तारेतील निष्फळ प्रवाह घटतो. दाब कमी होताच किंवा एक फेज जाताच मोटर बंद करणारे स्वयंचलित साधन बसविणेही हितावह असते.

भूसंपर्क : मोटरीच्या आतील निरोधन बिघडले म्हणजे तिच्या लोखंडी कवचास विद्युत् दाब प्राप्त होतो आणि ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाने त्यास स्पर्श केल्यास प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. कवच जाड तारेने जमिनीत पुरलेल्या धातूच्या पट्टीशी किंवा नळीशी जोडलेले असल्यास प्रवाहास फार कमी रोधाचा दुसरा मार्ग मिळतो व वितळतार जळून पुरवठा तुटतो. यालाच अर्थिंग म्हणतात. कोरड्या जमिनीचा रोध पुष्कळच जास्त असल्याने खड्ड्यात कोळसा व मीठ घालतात आणि उन्हाळ्यात तेथे पाणी ओतून ओल टिकवितात. अर्थिंग केलेले असूनही ते कोरडे पडले असेल, तर त्याचे संरक्षण मिळत नाही.

ऊर्जा व पाणी : वाफेच्या ऊर्जेपैकी काही भाग थंड पाण्याला दिल्याशिवाय टरबाइन चालू शकत नाही, हा ऊष्मागतिकीचा नियम आहे. औष्णिक केंद्रात कोळशाच्या ऊर्जेपैकी सु. ३५ ते ३८ टक्के भागच विजेत रूपांतरित होतो. उरलेल्यापैकी मोठा भाग वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या संघनकातून शीतन मनोऱ्याकडे जातो व तेथे पाण्याच्या बाष्पीभवनाने वातावरणात मिसळतो. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये शीतन मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांसाठी प्रत्येक युनिटास कमाल ३·५ लि. पाण्याची मर्यादा घातली. या मापाने २५० मेगॅवॉटचा एक संच पूर्ण भाराने दिवसभर चालल्यास सु. २ कोटी १० लाख लि. पाणी लागते.

परळीच्या केंद्रास गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून पाणी पुरविले जाते. २०१३ च्या दुष्काळात हा साठा संपल्याने फेब्रुवारीमध्ये केंद्र बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. चुंबक, तांबे व कोळसा असूनही केवळ थंड पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबली. जनित्रात वीज निर्माण होते असे म्हणतात. वस्तुतः तेथे केवळ ऊर्जेचे रूप बदलते व त्या बदलाची किंमत निसर्गाकडून घेतलेल्या वस्तूंच्या रूपाने चुकवावी लागते.

हाच हिशोब पंपाच्या बाजूनेही करता येतो. पाच अश्वशक्तीचा पंप तासास सु. ४·५ युनिट वीज घेतो व ३० मी. खोलीवरून सु. २०,००० लि. पाणी वर आणू शकतो. पाण्याची पातळी ६० मी.वर गेली, तर तेवढ्याच पाण्यास दुप्पट ऊर्जा लागते. म्हणजे भूजल जसजसे खाली जाते, तसतशी तेवढ्याच पिकासाठी विजेची, आणि वीजकेंद्राकडून पाण्याची, मागणी वाढत जाते. विहीर पुनर्भरण, ठिबक सिंचन यांसारखे उपाय म्हणूनच पाणीबचतीबरोबर वीजबचतीचेही उपाय ठरतात.

बीड जिल्ह्याच्या पठारावर उभ्या राहिलेल्या पवनचक्क्यांतही प्रवर्तनाचेच तत्त्व कार्य करते; फक्त रोटर फिरविण्याचे काम वाफेऐवजी वारा करतो आणि शीतनासाठी पाणी लागत नाही. सौर कृषिपंपाच्या पट्टीत मात्र प्रकाशामुळे अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉन मुक्त होऊन थेट एकदिश प्रवाह मिळतो. तेथे फिरता चुंबक नसतो. तथापि त्या विजेवर चालणारा पंप पुन्हा मोटरीच्याच साहाय्याने, म्हणजे प्रवाह व चुंबकीय क्षेत्र यांच्या परस्परक्रियेने, पाणी उचलतो.